मिठाच्या पाण्यातली द्राक्षं

गेल्या दोन वर्षांत संध्याने स्वतःच्या घरात एक गोड पदार्थ म्हणून केला नव्हता. शिरा नाही, खीर नाही, पोरासाठी बर्फी नाही, गणपतीला मोदकसुद्धा विकतचे. नवरा, कुंदन, बिचारा अधूनमधून म्हणायचा, "अगं, साधी शेवयांची खीर तरी कर की." तर ही म्हणायची, "मला गोड जमत नाही," आणि भांडी घासायला लागायची.

असं झालं तरी काय होतं? लाडू झाले होते, दुसरं काय! दोन वर्षांपूर्वी दिवाळीला सातपूरला मोठ्या दिरांच्या घरी सगळे जमले होते आणि संध्याने हौसेने रव्याचे लाडू करून नेले होते. पाक जरा पुढे गेला. आता पाक पुढे जायला काय लागतं हो? शेजारीण दारात येऊन 'झालं का फराळाचं?' म्हणाली की गेलाच. लाडू कडक झाले. मोठ्या जाऊबाईंनी, मनीषाने, एक लाडू उचलला, ताटलीवर टक्टक् वाजवला आणि हसत म्हणाली, "कुंदनभाऊजी, हातोडा आणा बरं." सगळे हसले. संध्याही हसली. मनीषा मनाने वाईट नव्हती, तिची जीभच तिच्या चार पावलं पुढे धावायची.

गोष्ट तिथेच विरली असती. पण तिथे रंगनाथअण्णा बसले होते. अण्णा म्हणजे चांदवडचे चुलत सासरे. माणूस दिलदार, पण एखादी थट्टा हाती लागली की ते तिला वर्षभर पुरवून खायचे. त्यानंतर लग्न असो, साखरपुडा असो, अण्णा मांडवातून हाक मारणार, "आला का आमचा हातोडा?" मग नात्यातली पोरंही 'हातोडाकाकू' म्हणायला लागली. संध्या हसायची. घरी येऊन साखरेचा डबा मागच्या फळीवर सरकवायची.

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंचा, नवसाबाईंचा, फोन आला. त्या मोठ्या लेकाकडे राहायच्या.

"पाडव्याला सगळी इकडंच या. अण्णाबी येनार हायेत. आन् संध्या, गोड तू कर."

"मी? नको आई. ताई करतील की श्रीखंड."

"मनीषाचं श्रीखंड खाऊन खाऊन कटाळा आला बाई. चुलीवर ठेवायचंच नाय असं कायतरी कर. फळं चिरायची, सायीत घालायची. त्यात काय बिघडंल?"

त्यात काय बिघडेल! संध्याने रात्रभर हाच विचार केला आणि तिलाही ते पटलं. पाक नाही, आच नाही, लागणं नाही, करपणं नाही. आणि हे एक पातेलं अण्णांच्या समोर नीट उतरलं, तर तो मेला हातोडा कायमचा जाईल. नाही उतरलं, तर पुन्हा त्या घरात सणाला पाऊल टाकायचं नाही, असंही तिने मनाशी ठरवून टाकलं. कुंदनला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही.

पाडव्याला सकाळीच ती सातपूरला पोचली. गुढी उभी होती, कडुनिंबाची पानं सगळ्यांनी तोंड वाकडं करून खाल्ली होती. मनीषा स्वयंपाकघरात बटाट्याची भाजी आणि पुऱ्यांची कणीक अशा दोन आघाड्यांवर लढत होती.

"ये गं. ओटा मोकळा करून देते तुला. साय फ्रीजमध्ये आहे, गारढोण. पिठीसाखर त्या निळ्या झाकणाच्या बरणीत."

"हो ताई."

दोघी दोन वर्षं अशाच बोलायच्या. हो ताई, नाही ताई, बसा ताई. शेजाऱ्यांना वाटावं, काय या जावा, एक शब्द वर नाही! पण ज्या घरात भांड्याला भांडं लागत नाही, तिथे चूल पेटलेली आहे की नाही, हेही पाहावं लागतं. मनीषाला हे कळत होतं. काय करायचं, ते कळत नव्हतं.

संध्याने साय एका मोठ्या पातेल्यात काढली. पिठीसाखर घातली आणि रवीने हलक्या हाताने फिरवली. जोर लावला की लोणी निघतं, म्हणून ती मध्येच थांबायची, बोटाने बघायची, पुन्हा फिरवायची. साय मऊ, दाट झाली. थोडा घरचा चक्का घातला, वेलची घातली. मग केळी, चिकू, सफरचंदाच्या फोडी, सटाण्याच्या डाळिंबाचे दाणे. तिने चमच्याच्या टोकाने चव घेतली. छान लागत होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"द्राक्षं राहिली की," मनीषा कढईवरूनच म्हणाली. "तिथे वाडग्यात आहेत बघ. धुतलीत मी."

मनीषाचं माहेर दिंडोरीकडचं, घरची द्राक्षबाग. बागेवर काय काय फवारतात, ते तिने लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे द्राक्ष घरात आलं की आधी खड्याच्या मिठाच्या पाण्यात तासभर बुडवायचं, मग दोनदा साध्या पाण्यातून काढायचं, हा तिच्या माहेरचा नियम. बाकीचं जग द्राक्षं नळाखाली धरून खातं. ही बागायतदाराची लेक मूठ-मूठ मीठ ओतायची.

त्या सकाळी तिने द्राक्षं बुडवली, झाऱ्याने वाडग्यात काढली, आणि तेवढ्यात गुढीच्या नैवेद्यासाठी सासूबाईंनी हाक मारली. साधं पाणी राहिलंच. वाडग्याच्या तळाशी निथळलेलं खारं पाणी जमून बसलं.

संध्याने वाडगा उचलला आणि पातेल्यात उपडा केला. एकदा ढवळलं. झाकण ठेवलं. नंतर वाटीत काढून सासूबाईंना चव दाखवावी म्हणून आधी स्वतः चमचा तोंडात घातला आणि जागच्या जागी थिजली.

खारट. नुसतं खारट नाही, ओशट खारट. तिने पुन्हा चाखलं. डोळ्यांत पाणी आलं. बाहेर अण्णांचा आवाज येत होता, ते नुकतेच आले होते आणि विचारत होते, "आज गोड काय हाय मग?" संध्याच्या मनात एकच आलं: माझा हातच तसला आहे. आच नाही, पाक नाही, तरी मी नासवलंच.

"काय झालं गं?" मनीषाने वळून पाहिलं. चमचा घेतला, चाखलं, आणि तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई! मिठाचं पाणी! द्राक्षं मी साध्या पाण्यातून काढलीच नाहीत. माझं चुकलं गं, संध्या."

संध्याने मान हलवली. "असू द्या ताई."

"असू द्या काय? माझीच चूक आहे."

"मला सांभाळून घेऊ नका," संध्या हळूच म्हणाली. "माझ्याच हातून मीठ पडलं असेल त्यात. मला माहितीये मी कशी आहे ते. तुम्ही श्रीखंड मागवा. मी जरा आत पडते."

आता मात्र मनीषाचं डोकं फिरलं. खरं बोलतोय आणि कोणी विश्वास ठेवत नाही, याच्यासारखा ताप नाही. तिने संध्याचा हात धरून तिला मोरीपाशी नेलं. द्राक्षं बुडवलेलं पातेलं अजून तिथेच होतं, पाण्यात दोन-चार द्राक्षं तरंगत होती. मनीषाने एक उचलून सरळ संध्याच्या तोंडात कोंबलं.

संध्याने चावलं आणि थुंकलं.

"अहो, हे काय! समुद्र आहे का हा? आणि मला म्हणता 'धुतलीत'? धुतलीत म्हणजे काय हो ताई? सांगायला नको का माणसाने? सकाळपासून मी इथे जीव मुठीत धरून उभी आहे, तुम्हाला काय त्याचं! तोंड चालतं नुसतं तुमचं, लक्ष कुठे असतं?"

बोलून झाल्यावर तिलाच धक्का बसला. मोठ्या जावेला असं बोलली! पण मनीषा रागावली नाही. ती चक्क हसायला लागली, हसता हसता पदराने डोळे पुसायला लागली. "बोल, बोल अजून. दोन वर्षांनी बोललीस बाई एकदाची."

"हसू नका! आता काय वाढायचं पानात?"

मनीषाने फ्रीजरमधून तुपासाठी साठवलेल्या सायीचा डबा काढला. दोघींनी ती दगडासारखी साय चमच्याने फोडली, ताज्या दुधात सैल केली. एक केळी चिरत होती, दुसरी साखर घालत होती. सफरचंद संपलं होतं, डाळिंब आणि दोन चिकू होते, तेवढ्यावर भागवलं. संध्या म्हणाली, "रवी मला द्या, तुम्ही लोणी काढाल." आणि मनीषाने मुकाट्याने रवी दिली. बिघडलेलं पातेलं झाकून मोरीच्या कडेला सरकवलं.

पहिली पंगत बसली. पुऱ्या, भाजी, कुरडया, वाटीत गार फ्रूट सॅलड. नवसाबाईंनी चाखलं आणि म्हणाल्या, "ब्येस झालंय." कुंदनने दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि बायकोकडे असं पाहिलं की ती लाजली. अण्णांनी वाटी चाटूनपुसून संपवली. झालं, जिंकलं, असं संध्याला वाटलं.

पण अण्णा हात धुवायला मोरीशी गेले. झाकलेलं पातेलं दिसलं की झाकण उचलून बघायचं, ही त्यांची जुनी खोड. बोट बुडवलं, तोंडात घातलं, आणि सगळं घर दणाणलं.

"आरं द्येवा! हे काय हाय? लय खारट! सायीत मीठ घातलंय! हातोड्याचंच काम दिसतंय!"

सगळे हसले. पुरीचं ताट तिच्या हातात तसंच राहिलं.

"ते माझं काम आहे, अण्णा," स्वयंपाकघराच्या दारातून मनीषा म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "द्राक्षं मिठाच्या पाण्यात मी ठेवली आणि काढायला विसरले. तुम्ही जेवलात ते संध्याने पुन्हा केलं."

अण्णांचा चेहरा खुलला. "म्हंजी तू? सुगरण मनीषा? अरे वा! मग आजपासून हिचं नाव खारं पाणी! संध्या, सुटलीस तू पोरी. तुझा हातोडा गेला, आता हिचं खारं पाणी आलं. येत्या लग्नात सांगतो की नाय बघ समद्यांना!"

पुन्हा हशा झाला. आणि खोटं कशाला सांगायचं, संध्याला आधी आनंदच झाला. छातीवरचं ओझं कोणी उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावं, तसा. सुटले मी, असं ती मनात म्हणालीसुद्धा. ज्या बाईने हे नाव काढलं, तिलाच आता नाव पडलं, बरं झालं.

मग तिने मनीषाकडे पाहिलं. मनीषा सगळ्यांबरोबर हसत होती. दात दिसत होते, डोळे मात्र कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं. ते हसू संध्याला चांगलं ठाऊक होतं. ते हसून घरी आल्यावर काय होतं, तेही ठाऊक होतं.

संध्याने ताट खाली ठेवलं.

"अण्णा, मला खुशाल हातोडा म्हणा," ती म्हणाली. "लग्नात म्हणा, बारशाला म्हणा. दोन वर्षं म्हणताय, अजून म्हणा. पण ताईंना काही नाव ठेवायचं नाही. त्या नावाने मी दोन वर्षं घरात चमचाभर शिरा केला नाही. पोराला वाढदिवसाला विकतचं घातलं. ताईंचं तसं होऊ देणार नाही मी."

कुंदनचा घास हातातच राहिला. "अगं, तू तर म्हणायचीस, जमत नाही म्हणून," तो हळूच म्हणाला.

अण्णांनी उगाच पंच्याने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. "मला काय म्हाईत, पोरी," ते म्हणाले. "मी आपलं गमतीनं..." ते जाऊन बाहेरच्या ओट्यावर बसले, गुढीकडे बघत.

दुसरी पंगत बायकांची. नवसाबाई, मनीषा, संध्या. मनीषाने पानात काहीच घेतलं नव्हतं. पुरीचा तुकडा मोडून ती तशीच बसली होती.

"आधी मीच म्हणाले होते गं," ती शेवटी म्हणाली. "अण्णा नव्हेत. मीच. मला कळलंच नाही तुझं काय झालं ते."

"माहितीये," संध्या म्हणाली. तिने मनीषाची वाटी ओढून घेतली, भरली आणि पुढे ठेवली. "खा आता. आणि उद्या सकाळी आमच्याकडे या. मी शिरा करणार आहे."

मनीषाने वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि रडत रडत खाल्ली.