न चाखलेले मोदक

ओडीलबाईंना मोदकांची ऑर्डर द्यायची, ही टूम माझीच. आमच्या अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळात गणपतीच्या प्रसादाचं काम माझ्याकडे. दरवर्षी न्यू जर्सीतल्या आयसेलिनहून तीच ती मिठाई यायची. म्हटलं, गावात खऱ्या फ्रेंच चॉकलेटवाल्या आहेत, यंदा चॉकलेटचे मोदक होऊन जाऊ देत.

त्यांच्या दुकानात भिंतभर घराण्याचे फोटो. खापरपणजोबांनी फ्रान्समधल्या बायोन गावात दुकान काढलं. आजोबांना युद्धात साखर मिळेना, तर त्यांनी दुकान बंद ठेवलं, पण भेसळ केली नाही. वडिलांची आजारपणात तोंडाची चव गेली, त्याच दिवशी त्यांनी एप्रन उतरवून लेकीला बांधला. कारण घराण्याचा नियम एकच: घरच्या माणसाने चाखल्याशिवाय काही बाहेर जायचं नाही. ओडीलबाई या घराण्यातल्या शेवटच्या. अमेरिकन नवऱ्याबरोबर इथे आल्या. नवरा गेला, मूलबाळ नाही, दुकान तेवढं राहिलं.

हे सगळं ऐकून मी शहाणी काय म्हणाले? "चाखायचं मात्र नाही हं! आधी देवाला. आमच्यात उष्टं चालत नाही."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही." काय तो माझा ठसका!

बाईंनी एकवार भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "देव तुमचा आहे. तुम्ही म्हणाल तसं."

आरती झाली, मोदक वाटले, आणि पहिल्याच घासाला पोरांनी तोंडं वाकडी केली. सारणात साखरेऐवजी मीठ! बाई खारं कॅरॅमलही करतात, त्याच्या बारीक मिठाचा डबा साखरेच्या शेजारीच असायचा.

मंडळाचे अध्यक्ष एकनाथकाका माईकवरच होते. "फ्रेंच म्हणे! अहो, निदान चव तरी बघायची!" अख्खा हॉल हसला. मग बाईंना कळावं म्हणून काकांनी तेच इंग्रजीत सांगितलं. बाई पुढच्याच रांगेत होत्या, आमच्या गणपतीसाठी मुद्दाम ठेवणीतला निळा ड्रेस घालून आलेल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'मीच नको म्हटलं होतं', एवढंच तर बोलायचं होतं मला. पण एरवी कुणाला बोलू न देणारी मी, समईची वात सारखी करत राहिले.

"चूक माझी," बाई म्हणाल्या.

इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर बाई फोटो उतरवून खोक्यात भरत होत्या. एप्रन खुंटीला लावलेला.

"असं नका हो करू! मी आत्ता ग्रुपवर लिहिते, काकांना फोन करते. चूक माझी होती."

"लिहा ना. पण न चाखता बाहेर गेलं ते माझ्या हातून. वडिलांनीही हेच केलं असतं." त्यांनी आजोबांची फ्रेम कागदात गुंडाळली. "एक विचारू? न्यू जर्सीहून मिठाई येते म्हणालात. त्या दुकानदारालाही चाखू नको म्हणून सांगता?"

रागाने विचारलं असतं तर मी भांडले तरी असते. पण त्यांना खरंच आमचा नियम समजून घ्यायचा होता. आणि आयसेलिनच्या त्या काउंटरवर मी स्वतः आधी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकते, आवडला तरच देवासाठी बॉक्स बांधून घेते.

"नाही," मी म्हणाले. "फक्त तुम्हालाच सांगितलं."