कोपऱ्यावरची सावली

मित्रांनो, मी जिन्याखाली ठेवलेली एक जुनी बॅटरी आहे. गच्चीवरचं सोलर पॅनल सोलापूरचं ऊन माझ्याकडे पाठवायचं आणि मी ते वीज जाईपर्यंत सांभाळायचे.

मला चनबसप्पांनी, म्हणजे घरच्या अप्पांनी, आणलं. अप्पा भल्या सकाळी चप्पल फटफटवत गच्चीवर जात आणि पॅनलची काच तापण्याआधी ती ओल्या फडक्यानं पुसत. अधूनमधून माझी झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालत. माझा हिरवा दिवा लागला, की वाकून विचारत, "ऊट आयता?" जेवण झालं का, हे ते सगळ्यांना कानडीतच विचारत.

पुढे त्यांची फुप्फुसं थकली. घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं. वीज गेली की ते माझ्या जिवावर चालायचं. काच पुसायचं काम त्यांच्या मुलीनं, दानेश्वरीनं घेतलं.

"पाणी मात्र मीच घालणार," अप्पा म्हणाले. "तेजाब हाय त्यात. हात भाजून घेशील."

ते कॅन घेऊन येत, पायरीवर बसत. वाकायला जात, धाप लागे. थोड्या वेळानं भरलेला कॅन तसाच घेऊन आत जात आणि सांगत, "घातलं, घातलं." हे फक्त मला ठाऊक होतं. मला बोलता येत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी वीज गेली. मी दहा मिनिटांत संपले. यंत्र ओरडून थांबलं. दवाखाना येण्याआधीच अप्पा गेले.

त्या सकाळी दानेश्वरीनं गच्चीत अप्पांची चादर वाळत घातली होती. तिच्या काठाची सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावर पडली होती. एक कोपरा झाकला तरी सगळं पॅनल मंदावतं, हे अप्पांनीच तिला शिकवलं होतं. अप्पा गेल्यावर तिनं ती दोरीच सोडून टाकली.

तेव्हापासून रोज सकाळी जिन्यावर तीच चप्पल फटफटते. दर वेळी मला वाटतं, अप्पा आले. पण त्यांची चप्पल घालून दानेश्वरी जात असते. तो एकच कोपरा ती पुनःपुन्हा पुसते. ऊन पूर्ण उतरतं, पण माझ्यात साठत नाही. मी नुसती तापते. हिरवा दिवा लागत नाही.

शेवटी दिवाळीच्या तोंडावर तिनं बॅटरीवाल्या गुरूला बोलावलं. त्यानं झाकणं उघडली.

"अक्का, पाणी कवाच आटलंय की! प्लेटा पांढऱ्या पडल्यात. वरीस तरी झालं असंल. नुसती काच पुसून कुटं भागतंय?"

"वर्ष? म्हणजे एप्रिलच्या आधीपासून?"

"व्हय की."

"त्या दिवशी पॅनलवर सावली होती, गुरू. माझ्यामुळे."

"सावली नसती तरी ही टिकली नसती. आधीच गेल्याली हुती."

दानेश्वरी पायरीवर बसली. अप्पा बसत तिथेच. समोर तिनं आतून आणलेला पाण्याचा कॅन होता. सील न फोडलेला. तिनं त्या सीलवरून अंगठा फिरवला.

उद्या गुरू मला भंगारात नेणार आहे. मित्रांनो, काच जरूर पुसा, पण झाकणही उघडून पाहा. आणि जो रोज "घातलं" म्हणतो, त्याला अजून वाकता येतं का, तेही एकदा पाहा.

आज दुपारी माझ्याकडे येणारी वीज अचानक मंदावली. मी ओळखलं. वर दानेश्वरीनं दोरी पुन्हा बांधली होती, आणि अप्पांची चादर वाळत होती.