पाठीला पाठ

उन्हाळा लागला की माणसं बेत करायला लागतात. जावयाने यंदा पोट उतरवायचं ठरवलं आणि त्यासाठी पळायचे बूट आणले. बूट अजून नवेच आहेत. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकेने खिडकीत टोमॅटो लावायला घेतले. माझे बेत दोन होते. जमिनीवरून आपलं आपण उठायला शिकायचं, आणि खळबाई नि सुईबाई या माझ्या जुन्या मैत्रिणींना एका संध्याकाळी मागच्या अंगणात बोलवायचं. पहिला बेत लेकीने माझ्यासाठी केला होता, दुसरा माझा मी.

झालं होतं असं, की थंडी सरता सरता मी स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात घसरले. हाडबीड काही मोडलं नाही, पण उठता येईना. माझा आवाज जन्मापासून बारीक. हाक मारली तर ती समोरच्या भिंतीला टेकून परत माझ्याकडेच यायची. हाताला एक चमचा लागला, त्याने नळाचा पाइप वाजवत पडून राहिले. शिक्षिका शाळेतून आली तेव्हा तिला ते ऐकू गेलं. तिच्याकडे माझी जादा किल्ली असते, म्हणून बरं.

लेक धावत आली. रागावली नाही, आणि तेच मला लागलं. म्हणाली, "आई, पडलीस त्याचं काही नाही, माणूस पडतंच. तुला उठता आलं नाही, त्याची मला भीती वाटते." मग तिने अट घातली. उन्हाळा संपायच्या आत तिच्या डोळ्यांदेखत जमिनीवर बसायचं आणि एकटीने उठायचं. जमलं तर राहा इथे खुशाल. नाही जमलं तर घराला कुलूप लावायचं आणि तिच्याकडे जायचं.

लेकीचं घर चांगलं आहे, जावई तर जावई वाटतच नाही. पण तिथे चहाचा डबा कुठे आहे हे मला दर खेपेला विचारावं लागतं, आणि विचारलं की कुणीतरी उठून चहाच करून देतं. माझ्या या दोन खोल्यांत मी अंधारातसुद्धा काडेपेटी शोधू शकते. मागे फरशीचं अंगण आहे, वीतभरच, पण संध्याकाळी तिथे वारा येतो. मला इथेच राहायचं होतं.

तेव्हा मी कंबर कसली. लेकीने व्यायामाची एक बाई आणली. तिने शिकवलं, आधी कुशीवर वळायचं, कोपर टेकायचं, मग रांगायच्या बेतात यायचं, खुर्चीपाशी जायचं, तिच्यावर हात रेटायचे आणि एक पाय पुढे घेऊन उठायचं. मी रोज ऊन चढायच्या आत चटई घालून बसायचे. पहिले काही दिवस तर खुर्ची बघूनच घाम फुटायचा. जावयाने फोनवर विचारलं, काय म्हणतेय जमीन? मी सांगितलं, सोडत नाही, फार जीव लावलाय. पण हळूहळू जमलं. खुर्ची असली की जमत होतं. खुर्ची नसली की गुडघा टेकलेला तसाच राहायचा आणि मी चारी पायांवर उभ्या असलेल्या म्हशीसारखी विचार करत बसायचे. त्या बोळात खुर्ची नव्हती, हे मला कळत होतं. लेकीलाही कळणार होतं.

आम्ही तिघी पुस्तकं बांधायच्या कारखान्यात एकत्र होतो, सगळी तरणी वर्षं. मी छापील कागदांच्या घड्या घालायचे, सुईबाई त्या दोऱ्याने शिवायची, खळबाई पुस्तकाच्या पाठीला खळ लावायची. शेजारी कापायचं यंत्र धडधडत असायचं, त्यामुळे खळ संपली की खळबाई अशी हाक द्यायची की फाटकावरचा रखवालदार उठून उभा राहायचा. आम्ही दिवसभर जमिनीवर मांडी घालून बसायचो. सुटायच्या वेळी पाय असे बधिर झालेले असायचे की ते कुणाचे आहेत ते चाचपून बघावं लागायचं. म्हणून आम्ही बायका जोडीने उठायचो. पाठीला पाठ लावायची, कोपरांत कोपर अडकवायचं, दोघींनी एकमेकींना रेटा द्यायचा, की दोघी एकदम वर. माझी जोडी खळबाईशी. फोरमन म्हणायचा, तुम्हाला पगारसुद्धा जोडीनेच द्यायला हवा. लेक पोटात होती, दिवस भरत आले होते, तेव्हाही मी कामावर जात होते ते खळबाईच्या पाठीच्या भरवशावर.

ठरल्या संध्याकाळी दोघी आल्या. सुईबाईला तिच्या नातसुनेने आणून सोडलं. तिच्या गुडघ्यात आता लोखंड बसवलंय आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायची बंदी केली आहे. तेव्हा घरातली एकुलती एक बरी खुर्ची तिच्याखाली गेली. खळबाई एकटीच आली, हातात पिशवी. ती भाच्याकडे राहते, जिन्याखालच्या खोलीत. खोली कशी आहे विचारलं तर म्हणाली, "थंड असते. दिवा मात्र दुपारीही लावावा लागतो." एवढंच बोलली आणि चटईवर बसली. मीही तिच्याशेजारी बसले. बसताना खुर्चीचा विचार मनात आला नाही, हे खरं.

लेक बर्फ घेऊन आली होती. तिने सरबत केलं, कलिंगड कापलं. कारखान्यातल्या गोष्टी निघाल्या, गेलेल्या माणसांची नावं निघाली. बोलता बोलता खळबाईने सालांखाली घ्यायला आणलेला वर्तमानपत्राचा ताव माझ्या मांडीवर टाकला, आणि माझ्या हातांनी त्याच्या घड्या घातल्यासुद्धा, कोपऱ्याला कोपरा. सुईबाईने तो घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, अजून सूतभर चुकतेस. आम्ही पोट धरून हसलो. लेकही हसली, पण ती मधूनच माझ्या पायांकडे बघत होती.

ऊन भिंतीवरून उतरलं, डास यायला लागले. आत जायची वेळ झाली. लेकीने हातातली ताटली खाली ठेवली.

"आई, आता ऊठ बघू," ती म्हणाली. आवाज मऊ होता.

मी कुशीवर वळले, कोपर टेकलं, रांगायच्या बेतात आले. खुर्चीवर सुईबाई. ती बिचारी धडपडत उठायला लागली, तशी मी तिला म्हटलं, बस तू. पाय पुढे घेतला. रेटा द्यायला काही नव्हतं. पुन्हा एकदा केलं. गुडघा थरथरला आणि मी खाली बसले. लेकीने तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात पाठीला ऊब लागली. खळबाई सरकत सरकत मागे येऊन बसली होती. तिचं कोपर माझ्या कोपरात आलं. "हं," ती म्हणाली, पूर्वी म्हणायची तसंच.

पहिल्या खेपेला आम्ही नुसत्या डुललो. खळबाई म्हणाली, कलिंगड जास्त खाल्लंस. दुसऱ्या खेपेला तिची पाठ घट्ट झाली, माझी तिच्यावर रेलली, टाचा फरशीत रुतल्या आणि आम्ही दोघी वर आलो. धापा टाकत, पण उभ्या.

लेक म्हणाली, "पण आई, हे दोघींनी मिळून झालं. मी एकटीचं म्हटलं होतं."

"बाळ," खळबाई म्हणाली, "तू पोटात होतीस तेव्हा तुलाही अशीच उठवली आहे. तेव्हा कुठे एकटी होती ती?" मग माझ्याकडे न बघता, पदराने मान पुसत म्हणाली, "आताही राहायला नको एकटी. मला काय, एक पिशवी आणि एक ट्रंक. तुझी दुसरी खोली रिकामीच आहे ना? तिला खिडकी आहे."

इतकी वर्षं ती खोली मी लेकीची खोली म्हणूनच झाडत आले होते. ते मनातून मागे पडायला थोडा वेळ लागला. मग मी म्हटलं, "खिडकी पूर्वेची आहे. सकाळी ऊन येतं."

"येऊ दे की."

लेक विचार करत होती. ती माझीच मुलगी, गोड बोलण्याने पाघळत नाही. तिने विचारलं, समजा, दोघी एकदमच पडलात, तर? सुईबाई खुर्चीवरून म्हणाली की या वयात तेवढा योग जुळायला पत्रिकाच हवी. लेक हसली नाही. ती आत गेली आणि त्या बोळात, मी पडले होते तिथे, जाऊन उभी राहिली.

"मावशी, इकडे या," तिने बोलावलं. "इथे खाली बसा, आणि इथून हाक मारून दाखवा."

खळबाई भिंत धरून खाली बसली. छाती भरून श्वास घेतला आणि खळ संपल्यावर मारायची तशी हाक मारली. स्वयंपाकघरातल्या ताटल्या वाजल्या. वर धाडकन खिडकी उघडली, पावलं वाजली, आणि शिक्षिका मातीच्या हातांनी जिना उतरत विचारत होती, कोण पडलं, कोण पडलं.

लेकीने तिच्याकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या खळबाईकडे.

"कुणी नाही पडलं," ती म्हणाली. "या मावशी राहायला येणार आहेत." आणि मग मला म्हणाली, "चल, आई. मावशींना उठव."