फाटकाबाहेरचा भोंगा

मी एक जुना, हातात धरायचा भोंगा आहे. माझ्या कडेचा लाल रंग केव्हाच उडाला. बटण दाबलं की आधी नुसती खरखर होते, मग कसाबसा आवाज निघतो. मित्रांनो, दक्षिण कोरियातल्या देगू शहरात, एका छोट्या कार्यालयात, कपाटावर मी पडून असतो. तिथे धूळ आहे आणि फुरसतही भरपूर आहे, म्हणून आज तुमच्याशी बोलतो आहे.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षं मी सफरचंदं विकली. एका टेम्पोच्या खिडकीला मला बांधलेलं असे आणि "गोड सफरचंदं, मधासारखी सफरचंदं!" असं मी दिवसभर ओरडत असे. मालकाने धंदा बंद केला, मी जुन्या बाजारात आलो आणि तिथे मला बांग सुन-ये ताईंनी पसंत केलं.

ताई चाकांच्या खुर्चीत बसत. जन्मापासूनच त्यांचे हातपाय त्यांचं ऐकत नसत, आणि शब्द तोंडातच अडखळत. दुकानदार म्हणाला, "बाई, हा आवाज मोठा करतो, स्पष्ट नाही करत हं!"

"मोठा तर करतो ना?" ताई म्हणाल्या. "मग झालं. लोकांना कान द्यावाच लागेल."

ताईंसोबत दु-शिम नावाची मदतनीस असे. ताईंना उचलणं, जेवू घालणं, मला त्यांच्या तोंडाशी धरणं, सगळं तीच करी. पूर्वी ती मासळी विकायची, त्यामुळे जीभ सुरीसारखी. चाकांची खुर्ची चढेल अशा बस मागत आम्ही तिघांनी बसथांबे पालथे घातले. तशा बस सुरू झाल्या त्या दिवशी दु-शिमने मला ओल्या फडक्याने पुसलं. ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं कौतुक.

ताईंचं बालपण शहराबाहेरच्या टेकडीवर, अपंगांच्या वसतिगृहात गेलं होतं. तिथेच त्यांना मो चॉल-गी भेटला होता. वयाने मोठा, म्हणून दादा. त्याचं कमरेखालचं अंग लुळं होतं, आवाज अगदी क्षीण, पण एक हात चांगला चाले. ताई तिथून बाहेर पडल्या, दादा मात्र तिथेच राहिला. "बाहेर मला कोण उचलेल?" हेच त्याचं पालुपद. ताई वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागल्या आणि अखेर तो तयार झाला. ताईंच्याच गल्लीत तळमजल्यावर एक खोली मिळाली. वसंतात दादा तिथे राहायला येणार होता.

त्याआधीच साथ आली.

देगूचे रस्ते ओस पडले. दुकानं मिटली, लोक एकमेकांना पाहून बाजूला होऊ लागले. वसतिगृहाचं फाटक बंद झालं. कुणी आत जायचं नाही, कुणी बाहेर यायचं नाही. फोन केला तर ऑफिसातला माणूस "सगळे ठीक आहेत" एवढंच सांगे.

ताई मला घेऊन टेकडीवर गेल्या. दादाची खिडकी तिसऱ्या मजल्यावर होती. दु-शिमने मला त्यांच्या तोंडाशी धरलं.

"दादा, जेवलास का?"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वरून आवाज आला, टण! दादा जेवणाच्या स्टीलच्या वाडग्यावर चमचा मारत होता. एकदा वाजलं की हो, दोनदा वाजलं की नाही, हे त्यांचं लहानपणापासून ठरलेलं.

"तुझ्या खोलीला पिवळा कागद लावलाय. चालेल ना?"

टण, टण.

"नाही चाललं तरी लावलाय!" ताई हसल्या, आणि वरच्या कितीतरी खिडक्यांत वाडगे वाजू लागले.

मग आम्ही रोज जाऊ लागलो. एकदा फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "ताई, साहेब रागावतात. आजारी माणसांना आवाजाचा त्रास होतो म्हणे."

"आवाजाचा होतो," दु-शिम म्हणाली, "की कुणीतरी चौकशी करतंय याचा?"

बिचारा पहारेकरी पाठ वळवून आपल्या चौकीत जाऊन बसला.

एके दिवशी ताईंनी हाक मारली आणि दादाच्या खिडकीतून उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग बाकीच्या खिडक्यांतून एकदम वाडगे वाजू लागले, न थांबता, वेड्यासारखे. एक बाई काचेला चिकटून स्वतःच्या कपाळावर हात ठेवत होती, मग छातीवर, मग दादाच्या खोलीकडे बोट दाखवत होती.

वसतिगृहाचे साहेब फाटकापाशी आले. ते काही दुष्ट नव्हते, थकलेले होते. "आतल्या बऱ्याच जणांना ताप आहे," ते म्हणाले. "दवाखान्यात खाटा मिळतील, पण यांना उचलायला, भरवायला तिथे माणसं नाहीत. म्हणून इथेच ठेवा म्हणतात."

"माणूस मी देते," ताई म्हणाल्या.

"दवाखान्यात रुग्णाशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, ताई. नियम आहे."

ताई तिथून थेट महापालिकेसमोर गेल्या. वारा बोचरा होता. दु-शिमने मला खुर्चीच्या दांड्याला बांधलं आणि ती लांब जाऊन उभी राहिली. पोलीस धावत आला.

"बाई, जमावबंदी आहे!"

"मी एकटीच आहे," ताई म्हणाल्या. "खुर्ची आणि भोंगा मोजलात तरी जमाव होत नाही."

मग त्या बोलल्या. शब्द अडखळले, मोडले, पण मी ते सगळे पोचवले. "आमच्या माणसांना खाट हवी, आणि खाटेशेजारी माणूस हवा. एवढंच मागते." त्या थांबत, श्वास घेत, आणि पुन्हा तेच म्हणत. एक टॅक्सीवाला काच खाली करून ओरडला, "अख्खं शहर मरतंय आणि तुम्हाला तुमचंच पडलंय!"

"आम्हीही शहरातच मरतोय, भाऊ," ताई म्हणाल्या.

त्याने काच वर केली नाही. गाडी बाजूला लावली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, त्यानंतरही गेलो. अखेर परवानगी मिळाली. रुग्णाबरोबर एक मदतनीस आत जाऊ शकेल. पण त्या आजारात जायला कोण तयार होणार? दु-शिम पांढरा संरक्षक पोशाख चढवू लागली.

"तुम्हाला कोण उचलेल?" तिने ताईंना विचारलं.

"शेजारीण आहे की."

"ती? ती तर तुम्हाला पोत्यासारखं उचलते!"

"मग होईन मी पोतं. तू जा."

शेजारणीला ते जमेना. ताई खुर्चीतच झोपू लागल्या, खुर्चीतच उठू लागल्या. दुखणं त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण माझ्या माइकवर त्यांचा श्वास यायचा, त्यातून मला ते कळायचं.

चॉल-गी दादाला दवाखान्यात न्यायला उशीर झाला होता. दु-शिमने त्याला कुशीवर वळवलं, पेज भरवली, हात धरला. तिने फोन केला तेव्हा तिची सुरीसारखी जीभ बोथट झाली होती. "दादाने विचारलं, कागद खरंच पिवळा आहे का. मी हो म्हटलं. हसला. मग... ताई, मी होते त्याच्याजवळ. तो एकटा नव्हता."

अंत्यविधीला कुणाला जाऊ दिलं नाही. आमच्या देशात एक जुनी रीत आहे. माणूस गेला की त्याचा अंगरखा हातात धरून, जिवाने परत यावं म्हणून त्याच्या नावाने तीन हाका मारायच्या. ताईंकडे अंगरखा नव्हता. त्या टेकडीवर आल्या. शेजारणीने मला धरलं.

"मो चॉल-गी!"

"मो चॉल-गी!"

तिसऱ्या वेळी ताईंच्या तोंडातून आवाजच फुटला नाही. मी नुसताच खरखरत राहिलो. वर खिडक्यांत माणसं गजांना टेकून बसली होती. एकानेही वाडगा वाजवला नाही.

त्या परवानगीमुळे पुढे बाकीचे आजारी मदतनिसांसह दवाखान्यात गेले, आणि बरेच जण परत आले. वर्तमानपत्रात ताईंचा फोटो छापून आला, त्यात मीही होतो. साथ ओसरली, दुकानं उघडली आणि लोक विसरले. ताईंची छाती मात्र त्या थंडीतल्या, खुर्चीतच काढलेल्या दिवसांपासून अधू झाली ती झालीच. आता त्या अंथरुणावर असतात, बोलतात ते दु-शिमच्या कानाला तोंड लावून. माझ्या उपयोगाचा आवाज त्यांच्यात उरलेला नाही.

मित्रांनो, संकटं पुढेही येतील आणि दारंही बंद करावी लागतील. पण कुलूप लावण्याआधी आत कोण आहे, त्याला उचलायला कोण आहे, हे विचारा. साहेबांना विचारून थांबू नका, आतल्यांनाच विचारा. त्यांचं उत्तर यायला वेळ लागला, तर वाट पाहा.

मी ओरडण्यासाठीच जन्मलो. तरी तुमच्या गावात कुणाला आपल्या माणसासाठी खाट मागायला माझी गरज पडू नये. मी इथे धुळीत पडून राहीन, मला चालेल.