पिवळा रुमाल आणि तिसरा डोस

सभागृहाच्या दारावर पाटी होती : 'चपला आणि शंका बाहेर काढून ठेवा.' चपलांचा ढीग गुडघाभर झाला होता. मावशीने पाटी दोनदा वाचली, चपला काढल्या आणि निम्मीच आज्ञा पाळून आत शिरली.

मावशीची कोपऱ्यावर लाँड्री होती. इस्त्री करता करता वाचायची तिची खोड, आणि त्या खोडीपायी दोन शर्ट शहीद झालेले. आज दुकान बंद ठेवून ती आली होती ती ताईच्या मागे, आणि ताई आली होती लेकीला घेऊन. लेक तेरा वर्षांची. तिची किडनी बदललेली. नवी किडनी शरीराने परकी म्हणून हाकलू नये यासाठी रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दबलेली. तोंडाला मास्क, वाफेने धुरकटलेला चष्मा आणि मास्कलाही न जुमानणारी जीभ. घरात तिला सगळे 'वकीलसाहेब' म्हणत.

शनिवारी वकीलसाहेबांचा एचपीव्ही लशीचा तिसरा डोस होता. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा ज्या विषाणूमुळे होतो, त्याच्यावरची ही लस. त्याच कॅन्सरने दोघी बहिणींची आई गेल्या वर्षी गेली. ताईने रडून घेतलं. मावशीने आईच्या सगळ्या साड्या धुतल्या, कडक इस्त्री केली आणि कपाटाला कुलूप घातलं.

डॉक्टरीणबाईंनी ताईला सरळ सांगितलं होतं, "अशा मुलांमध्ये लस बहुतेक वेळा चांगली लागू पडते, काहींमध्ये जरा कमी. म्हणून दोनाऐवजी तीन डोस." ताईने त्यातला 'कमी' तेवढा उचलून घरी आणला.

"कवचबाबा शंभर टक्के म्हणतात," ती मावशीच्या कानाशी पुटपुटली. "तुझी डॉक्टरीण सारखी 'बहुतेक, बहुतेक' करते."

व्यासपीठावर कवचबाबा गर्जत होते, "अरे, सुई काय करते? भोक पाडते! कवचाला भोक पाडून कधी कवच मिळतं का?"

"नाही!" सभागृह म्हणालं.

"छत्रीला भोक पाडून कुणी पावसात जातं का?"

"नाही!"

"पण पावसात जायच्या आधी छत्री उघडावी तर लागते ना?" वकीलसाहेब मास्कमधून म्हणाले. ताईने चिमटा काढला.

चमत्कार असा : दाराशी शिष्य मुलांच्या हातांवर शुद्धिजल ओतायचा. मग मुलाने बाबांपुढच्या पिवळ्या रुमालावर ओला पंजा ठेवायचा. रुमाल लाल झाला तर कवच फाटलेलं, पिवळा राहिला तर शाबूत. नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाचा रुमाल लालभडक. एकवीस दिवस बाबांची पूड खाल्लेल्यांचा पिवळाधम्मक. लोक हात जोडत होते.

वकीलसाहेबांच्या पंज्याखाली रुमाल रक्तासारखा लाल झाला. "दोन सुया, दोन्ही वाया!" ताईकडून आधीच सगळं ऐकलेले बाबा कळवळले. "तिसरी टोचलीत तर उरलंसुरलं कवचही जाईल, माउली." ताईचा चेहरा पांढरा पडला. "नको मग शनिवारी," ती म्हणाली.

मावशीने भाचीचा हात हातात घेतला. पंजा बुळबुळीत लागला. सोडा आणि साबणाने मावशीची बोटं बारा महिने भेगाळलेली. ती क्षणात चुरचुरली. रुमाल नाकाशी नेला, तर हळद! तिला एकदम हसू आलं. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, आणि दर महिन्याला एखादं तरी गिऱ्हाईक दुकानात किंचाळतं, "अहो, रक्त कुठून आलं?"

दाराशी शिष्य फोनवर बोलण्यात गुंतला होता. त्याच्यापाशी दोन तांबे होते, एक नव्यांसाठी, एक बऱ्या झालेल्यांसाठी. मावशीने दुसऱ्याचा वास घेतला. लिंबू. तिने दोन्ही तांबे उचलून थेट व्यासपीठ गाठलं. "वकीलसाहेब, हात धुऊन या आणि दोन्ही पुढे करा."

डाव्या हातावर एक तांबा, उजव्यावर दुसरा. दोन्ही पंजे कोऱ्या पिवळ्या रुमालावर. डावीकडे लाल, उजवीकडे पिवळा.

"मी अर्धीच आजारी आहे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

बाबा अडखळले. "अं... डावी बाजू आईकडची. तिकडून दोष."

"माझ्याकडून?" ताईचा आवाज चढला. "बाबा, तुमचा हात द्या बरं इकडे!"

नाही म्हणायच्या आत मावशीने पहिला तांबा त्यांच्या हातावर रिकामा केला आणि हात रुमालावर दाबला. लालभडक.

"मी... मी तुमचा रोग स्वतःवर घेतला!" बाबा ओरडले. दोन-तीन भाबड्यांनी हात जोडलेही.

"मग माझी पाठदुखीपण घ्या," मागून गिरणीवाले काका म्हणाले. सभागृहात हशा पिकला.

मावशीने त्या लालवर दुसऱ्या तांब्यातलं पाणी शिंपडलं. डाग पुन्हा पिवळा झाला. "घ्या, बाबा बरे झाले. पूडही लागली नाही." मग ती लोकांकडे वळली. "हा रुमाल हळदीत बुडवलेला आहे. या तांब्यात धुण्याचा सोडा, त्यात लिंबू. तुमच्या पोराच्या रक्तात काय आहे ते रुमालाला कळत नाही. घरी जाऊन स्वतः करून बघा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका."

लोक तांब्यांकडे धावले. बाबांची ध्यानाची वेळ झाली आणि ते मागच्या दाराने निघाले.

शनिवारी ताईने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आधीचे दोन वाया गेले नाहीत ना?"

"नाही. त्यांच्यावरच तिसरा चढवायचा आहे. लशीत जिवंत विषाणू नाही, त्यामुळे तिच्यामुळे तो रोग होणार नाही. मोठेपणी तपासण्या मात्र करत राहायच्या."

"म्हणजे शंभर टक्के नाहीच," वकीलसाहेब बाही वर करत म्हणाले.

"नाही. पण आमचं 'बहुतेक' पुष्कळ मुलांचं रक्त तपासून आलेलं आहे."

"चालेल. टोचा."

तिकडे लाँड्रीच्या दोरीवर मावशीने आणलेला तो रुमाल चार दिवसांपासून उन्हात वाळत होता. हळदीचा डाग घासायचा नाही, उन्हात टाकायचा, असं आई सांगायची. ऊन त्याला खातं. चमत्काराचंही तसंच करावं. भांडत बसू नये. सगळ्यांसमोर उजेडात धरावा, दोन्ही तांब्यांतलं पाणी ओतून बघावं आणि जे टिकेल तेवढंच घरी न्यावं.

दवाखान्यात टोचून झाल्यावर वकीलसाहेब दंड चोळत उठले. ताई मात्र खुर्चीवरून हलली नाही.

"आईची तपासणी कुणी वेळेवर केलीच नव्हती," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "आम्हा दोघी बहिणींची नावं लिहा. आजच."