संत्र्याच्या पानांखालचं पांढरं

मी बुरशी बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. लोणच्यावर चढते ती मी नव्हे. ती आमच्या नात्यातली असली तरी आमचं येणंजाणं नाही. मी राहते अनसिंगजवळ, बापूरावांच्या संत्र्याच्या बागेत, कुजणाऱ्या पानांखाली. दिसायला पांढऱ्या दोऱ्यासारखी.

पूर्वी इथे मला थाराच नव्हता. बापूरावांना बाग अंगणासारखी झाडलेली लागे. गळालेली पानं, छाटलेल्या वाळक्या काड्या, सगळं बांधावर नेऊन पेटवायचं. उघडी माती उन्हानं तापून टणक व्हायची. माणसांना स्वच्छतेची हौस भारी, पण ती कुठे करावी हे कळत नाही.

तीन वर्षांपूर्वी हे काम त्यांच्या पत्नीकडे, गोजराबाईंकडे आलं. त्यांचे गुडघे दुखायचे. बांधापर्यंत पाटी वाहायला नको म्हणून त्यांनी पाला झाडांखालीच पसरला, वर शेणपाणी शिंपडलं. माझा जन्म असा दुखऱ्या गुडघ्यांमुळे झाला!

मग चांगले दिवस आले. मी पानं कुजवायची, डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव त्यावर जेवायचे, मागोमाग गांडुळं आली. माती भुसभुशीत झाली. गोजराबाई मूठभर माती हुंगून स्वतःशीच हसायच्या, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

यंदा पावसाळ्यानंतर दोन झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळू लागला. बागेच्या खोलगट कोपऱ्यात पाणी साचून राहिलं होतं, त्यानं हा डिंक्या रोग आला. पण बापूरावांनी पाला उकरला आणि त्यांना मी दिसले.

"अवं, हे पाह्य! रोगाचं मूळ इथं हाय. तुह्या पाल्यानंच बागेले डिंक्या लावला."

"असं कसं? तीन साल झाले, मी पाला टाकून राह्यली. झाडं त हिरवीगार होती."

"मंग हे पांढरं कायचं व्हय? सांग ना!"

गोजराबाईंनी मला चिमटीत धरून उलटसुलट पाहिलं. मला सांगता आलं असतं, पण मला तोंड कुठे आहे!

त्याच दिवशी पाला ओढून जाळला. मग बुरशी मारायचं मोरचुदाचं निळं पाणी प्रत्येक झाडाखाली ओतलं, तेही दुप्पट कडक. बापूराव वाईट नाहीत. बागेवर जीव आहे म्हणूनच त्यांनी हात आखडला नाही. गांडुळं वर येऊन तडफडली. माझे शेजारी एकेक करून संपले. मी नुसती बघत राहिले.

कोपऱ्यात पाणी अजून साचतंच. झाडं पिवळी पडताहेत, म्हणून आज पुन्हा औषध. माझा एकच दोरा उरलाय, कडेच्या झाडाच्या मुळाला धरून. बादली घेऊन गोजराबाईच आल्यात. झाडाच्या खोडावरून हात फिरवत म्हणताहेत, "जग बाप्पा आता. माह्या हातून चूक झाली."

चूक तुमची नव्हती हो, बाई. वाचणाऱ्यांनो, कधी त्या वाटेनं गेलात तर एवढं त्यांना सांगा. मला आता वेळ नाही. बादली कलली आहे.