हिंमतरावांचं शीर्षासन

काचबिंदू दुखत नाही, ही त्याची सगळ्यात वाईट खोड. नजर कडेकडेनं विझत जाते आणि माणसाला वाटतं, हल्ली अंधार लवकर पडतो. आमच्या दवाखान्यातले गुजराती पेशंट त्याला झामर म्हणायचे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखायची, हे समजावत घरोघर फिरणं म्हणजे माझी नोकरी.

पाणीगेट भागातले हिंमतराव आमच्यासाठी कोडं होते. आजोबा संस्थानच्या फौजेत, हे स्वतः जन्मभर आखाड्यात. डावा डोळा गेलेला, उजव्यात नळीतून बघावं एवढंच उरलेलं. दवाखान्यात डोळ्याचं प्रेशर मोजलं की बरोबर यायचं, तरी ते उरलेलं वर्तुळ लहान होत चाललं होतं. डॉक्टर मितालीबेनना वाटत होतं, काका फक्त तपासणीच्या दिवशी थेंब घालून येतात. मला म्हणाल्या, घरी जाऊन बघ, नाहीतर हाही डोळा जाईल.

त्या सकाळी रसिकाला सांभाळणारी बाई आली नाही. दीड वर्षाची पोर कडेवर घेऊनच मी कारेलीबागेतून रिक्षा केली.

दार हिंमतरावांच्या बायकोनं, कौशल्याकाकूंनी उघडलं. आतल्या खोलीत, भिंतीचा आधारही न घेता, हिंमतराव डोक्यावर उभे होते. सत्तरीचं शरीर, पण पाय असे सरळ आणि स्थिर, जशी वारा नसलेल्या खोलीतली समईची ज्योत. रसिका कडेवरून घसरली, तिनं तळवे फरशीवर टेकले आणि स्वतःच्या पायांमधून त्यांच्याकडे बघून खुदकन हसली.

"अहो, उतरा आता," काकू म्हणाल्या. "पाहुण्यांना पाय दाखवून या म्हणतात होय?"

हिंमतराव सावकाश खाली आले. थेंबांचं विचारलं, तर एक वेळ चुकवलेली नव्हती. उलट थेंब घातले की ते लगेच डोक्यावर उभे राहायचे, औषध पार आतल्या नसेपर्यंत उतरावं म्हणून. त्यांचे उस्ताद जयसिंगराव सांगायचे, शीर्षासन करणाऱ्याचे डोळे म्हातारे होत नाहीत. डावा डोळा गेल्यापासून त्यांनी संध्याकाळचंही सुरू केलं होतं.

डोकं खाली गेलं की डोळ्याचं प्रेशर चढतं, काचबिंदूत तर हे अगदी वर्ज्य. पण सगळ्या पेशंटना विचारायच्या प्रश्नांत हा प्रश्न आम्ही कधी घातलाच नव्हता. मी जमेल तसं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"बेन, तुम्ही माझ्या नातीएवढ्या. उस्तादांचा शब्द तुमच्या शब्दावर कसा सोडू? मोजून दाखवा, मग सोडतो."

उलटं उभं करून मोजायला मितालीबेन आधी नाहीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, एकदाच, क्षणभर. तपासणीच्या खोलीत सतरंजी अंथरली. बसवून मोजलं, प्रेशर नेहमीसारखं ठीक. मग हिंमतराव उलटे झाले, आणि आमच्या डॉक्टरबाई ओढणी कमरेला खोचून, हातातलं छोटं यंत्र घेऊन त्यांच्या शेजारी जमिनीवर आडव्या झाल्या. दाराशी पेशंट जमले होते, पण कुणी हसलं नाही.

मितालीबेन उठून बसल्या. आकडा त्यांनी मला दाखवला.

"बमणुं थई गयुं, काका. दुप्पट."

हिंमतराव खाली आले, नेहमीच्याच संथपणे. मांडी घालून बसले. नजर राखायला म्हणून जे वाढवलं, तेच ती नजर खात होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना मला दिसत होतं. मला वाटलं, आता हा माणूस मोडेल, नाहीतर उस्तादांना बोल लावेल.

"उस्तादांना हे ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "असतं, तर त्यांनीच मला खाली उतरवलं असतं."

त्यांनी सतरंजीला हात लावून तो कपाळाला टेकवला. जन्मभराची साधना एवढ्यात संपली.

काही महिन्यांनी, पुढच्या तपासणीत नजरेचा नकाशा होता तसाच होता. वर्तुळ केसभरही लहान झालं नव्हतं. हे सांगायला मी गेले तेव्हाही रसिका बरोबर होती. हिंमतराव ताठ बसले होते, काकू थेंब घालत होत्या. मग त्यांनी डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरला, औषध घशात ओघळू नये म्हणून, मी शिकवलं होतं तसं.

रसिकानं डोकं जमिनीला टेकवलं. "आजोबा, उलटं."

"तू कर. मी बघतो." त्यांनी डोळा उघडला, मान जरा इकडेतिकडे केली. "बेन, नुसते पाय दिसतायत. तिला थोडं मागं घ्या."

मी तिला उचलून मागं ठेवलं.

"आणखी. आणखी थोडं."

मी दाराशी पोचले. तिथं उंबऱ्याजवळ ती पुन्हा ओणवी झाली, डोकं खाली, शेंडी फरशीवर.

"हां," हिंमतराव म्हणाले. "आता आख्खी आली."